उजेड आहे, वण नाही

नवीन जालना
१२ ऑगस्ट

ती. अप्पारावमामांना सुमेधाचा जयभीम.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही विचारणारच. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तुम्ही पेटीत जपून ठेवलंय. शिवाय तुमचा फोन कायम तुमच्या लेकीच्या, प्रियाच्या हातात असतो. स्पीकर लावल्याशिवाय तुमचं बोलणं होत नाही, आणि मग घरातलं सगळं शेजाऱ्यांनाही कळतं. हे मला फक्त तुमच्याशी बोलायचंय.

सुमित कंपनीच्या ऑफिसात जिना चढताना पडला, हे आईनं तुम्हाला सांगितलं. तिनं ‘उन्हानं’ असं सांगितलं असेल. ते खरं नाही. त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झालाय. हा आजार आईबापाकडून मुलांकडं येतो, असं डॉक्टर म्हणतात. जाड झालेल्या स्नायूत हळूहळू वण पडतात आणि त्या वणांमुळं ठोका एकाएकी बिघडू शकतो. बाबा सिल्लोडच्या बसस्टँडवर बसल्या जागी गेले, ते ऐकल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवून माझ्याकडं बघितलं.

आता आम्ही मुंबईला जाणार आहोत. तिथं एका हॉस्पिटलात नवीन तपासणीचा अभ्यास चाललाय. नसेतून एक औषध देतात. हृदयात ज्या पेशी वण तयार करतात, त्यांनाच ते जाऊन चिकटतं. जिथं चिकटतं तिथं पडद्यावर उजेड दिसतो. त्यांना आमच्या घराण्याची माहिती हवी आहे. कोण कधी गेलं, कशानं गेलं, बाबांकडचं आणि आईकडचंही. बाबांकडचं मी आत्याकडून घेते. आईकडचं तुम्हीच नीट सांगू शकाल.

सुमित हसतो, जेवतो, क्रिकेट बघतो. मला मात्र माझ्या भावाकडं बघवत नाही. लवकर लिहा.

तुमची,
सुमेधा


धावडा
२३ ऑगस्ट

चि. सुमेधा, जयभीम आणि आशीर्वाद.

बँकेत गेल्यापासून तुझं अक्षर फार बिघडलं आहे. ‘हृदय’ तू दोनदा वेगवेगळं लिहिलंस. असो, विषय गंभीर आहे म्हणून मार्क कापत नाही.

सुमितचं वाचून दोन घास कमी गेले. पण मला आश्चर्य वाटलं नाही. संघपालरावांच्या घरात काहीतरी आहे, असं मी पहिल्यापासून म्हणत आलो. त्यांचे एक चुलते रस्त्यात पडून गेले. आत्याला दम होता. मग हे स्वतः चाळिशीच्या आत गेले. तुझ्या बाबांच्या पाठीमागं बोलतो असं समजू नकोस, त्यांच्या भावांना मी हे तोंडावर सांगितलं आहे. त्यावरून त्यांनी माझ्याकडं येणं बंद केलं, त्याला इलाज नाही.

आमच्याकडचं लिहून घे. आमचे वडील ऐंशीच्या पुढं जगले आणि शेवटच्या दिवशी भाकरी कच्ची राहिली म्हणून भांडले. आई म्हातारपणी निजल्या जागी गेली. मी आहे आणि तुझी आई चांगुणा आहे, आम्ही दोघंही धडधाकट. बाकी जागा कोरी सोडून दे.

आता माझी शंका. वण म्हणजे भरलेल्या घावाची खूण. माझ्या गुडघ्यावर आहे, कारण मी सायकलवरून पडलो होतो. सुमितच्या हृदयाला घाव कोणी घातला? घाव नसताना वण कसा पडेल? आणि तो पडद्यावरचा उजेड चांगला की वाईट, हे तू लिहिलंच नाहीस.

इकडं प्रियाची पोलीस भरतीची तयारी जोरात आहे. पहाटे जाफराबादच्या रस्त्यानं ती पळते आणि मी मागं सायकलवर घड्याळ घेऊन. पूर्वी मी पुढं असायचो. तुझी मामी नंदाबाई म्हणते, पोरीला वारं लागलंय आणि म्हाताऱ्याला पोरीचं. प्रियाची पळण्याची वेळ बघून मामी सोडून सगळं गाव खूश आहे.

तुझा,
अप्पारावमामा


नवीन जालना
१० सप्टेंबर

ती. मामा,

मुंबईहून परवा आलो. तुमच्या शंकांची उत्तरं डॉक्टरबाईंकडून घेऊन आलेय.

घाव बाहेरून पडलेला नाही. या आजारात स्नायूचे धागे मुळातच वेडेवाकडे रचलेले असतात. त्यांच्यावर ताण पडून काही मरतात आणि त्यांच्या जागी शरीर चिवट, न आकसणारं ठिगळ लावतं. तोच वण. एकाच घरात एकाला तो पडतो आणि दुसऱ्याला पडत नाही. का, ते त्यांनाही पूर्ण माहीत नाही.

तपासण्या दोन झाल्या. पहिली नेहमीची, त्या ढोलासारख्या आवाजाच्या यंत्रातली. तिच्यात जुना, पक्का झालेला वण दिसतो. सुमितला तसा एक वण आहे. दुसरी ती नवीन. तिच्यात सुमितच्या हृदयावर काहीच उजेड नव्हता. बाई म्हणाल्या, चुलीचं समजा. पहिल्या तपासणीत राख दिसते, दुसरीत निखारा. सुमितकडं राख आहे, पण आत्ता निखारा नाही. जे झालं ते झालं, सध्या नवीन काही होताना दिसत नाही. तरी तो एकदा पडलाय म्हणून त्याच्या छातीत एक छोटं यंत्र बसवणार आहेत. ठोका बिघडला तर ते झटका देऊन जागेवर आणील.

आमच्या सगळ्यांचं रक्तही घेतलं. जनुकांतल्या कोणत्या अक्षराची चूक घराण्यात चाललीय ते त्यातून कळतं. सुमितमध्ये ती सापडली. मला नाही. हे कळल्यावर मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले, आणि कशासाठी रडले ते मलाच कळेना. सुटले म्हणून की तो अडकला म्हणून.

आई बरी आहे. तिचं विशेष काही नाही.

प्रियाला शाबासकी सांगा. पण तिला जास्त ताणू नका.

सुमेधा


धावडा
१९ सप्टेंबर

चि. सुमेधा,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं आणि दर वेळी वेगळं कळलं. शेवटी नंदाबाईला मोठ्यानं वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “पोराच्या काळजात उजेड न्हाई म्हंता, अन् वर चांगलं झालं म्हंता? असलं कसलं डाक्टर?” मी तिला चूल, राख, निखारा समजावलं. तिचं म्हणणं असं की चूल विझली तर घर उपाशी राहतं. शिक्षक असताना विद्यार्थी असे प्रश्न विचारत नसत, हे माझं नशीब.

म्हणजे अंधार चांगला आणि उजेड वाईट, असं मी धरून चालतो. आयुष्यभर मुलांना उलटं शिकवलं.

तुला चूक सापडली नाही हे वाचून मी वहीवर डोकं टेकून बसलो. सुमितला माझा आशीर्वाद सांग. यंत्र बसवायला भिऊ नको म्हणावं. माझ्या कानाच्या यंत्रासारखं पेटीत ठेवता येणार नाही ते.

प्रियाची काळजी नको. मागच्या आठवड्यात पळताना तिला चक्कर आली आणि ती रस्त्याच्या कडेला बसली, तेवढंच. डोळ्यापुढं अंधारी आली म्हणाली. पोटात काही नव्हतं. आता मी तिला निघण्याआधी गूळ-शेंगदाणे देतो. भरतीचं मैदान, म्हणजे पळण्याची परीक्षा, जवळ आलंय, थांबून चालणार नाही. आणि आपल्या घरात असलं काही नाही, हे एक बरं आहे.

मामा


नवीन जालना
२७ सप्टेंबर

मामा,

प्रियाला पळू देऊ नका. हे पत्र मिळेल त्या दिवसापासून. कृपा करा.

मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. आईनंच शपथ घातली होती. आज मी ती शपथ मोडतेय आणि ती स्वयंपाकघरात भांडी आपटतेय. सुमितमध्ये जी चूक आहे ती आईच्या रक्तात सापडली. आईच्या, मामा. बाबांच्या घरातून नाही, धावड्याच्या घरातून आली. आईच्या हृदयात वण नाही, उजेड नाही, भिंत जरा जाड आहे इतकंच. अठ्ठावन्न वर्षं तिला काही झालं नाही. पण तिनं ते सुमितला दिलं. कळल्यापासून ती त्याच्या ताटात वाढताना त्याच्याकडं बघत नाही. “माझ्या माहेराचं नाव निघू देऊ नको,” एवढंच म्हणते.

बाबा कशानं गेले ते आता मला माहीत नाही. आम्ही सगळ्यांनी त्यांच्या घराला बोल लावला. तुम्हीच नाही, मीसुद्धा. आत्याला मी फोनवर काय काय बोललेय ते आठवलं की लाज वाटते.

ही चूक आईला तुमच्या आईकडून किंवा वडिलांकडून आली असणार. म्हणजे ती तुमच्यातही असू शकते. असेल किंवा नसेल, अर्धी-अर्धी शक्यता. तुमच्यात नसली तर प्रियाला काही भीती नाही, तिला सुईसुद्धा टोचायला नको. म्हणून आधी तुमचं रक्त पाहिजे. तोवर तिनं पळायचं नाही. ती चक्कर भुकेची असेलही. पण नसली तर?

अजून एक. तुमच्या घरात लहान वयात कोणी गेलं होतं का? आईला विचारलं तर ती म्हणाली, “भिवा. पण ते निराळं. अप्पाला विचार.” भिवा कोण?

सुमेधा


धावडा
१४ ऑक्टोबर

चि. सुमेधा,

उत्तराला उशीर झाला. पोस्टमनचा दोष नाही. लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

तुझ्या डॉक्टरांचं रक्त तपासायचं यंत्र चुकत नाही का? मी सहासष्ट वर्षांचा आहे. या वयात माझ्या घरात कोणी खोट काढलेली मला सहन होत नाही. संघपालरावांच्या भावांपुढं मी आता कोणतं तोंड घेऊन जाऊ, याचाही विचार तू केला नाहीस. राग आला, तो लिहून टाकला.

भिवा माझा थोरला भाऊ. चौदाव्या वर्षी नदीच्या डोहात बुडाला. मी दहा वर्षांचा होतो, तुझी आई दोन वर्षांची होती. गावच्या विहिरीवर तेव्हा आम्हाला जागा नव्हती, म्हणून आमची पोरं डोहातच शिकायची. भिवासारखा पोहणारा पंचक्रोशीत नव्हता. म्हणूनच कोणाचा विश्वास बसेना. गावानं सांगितलं, डोहातल्या जलदेवतांनी, आसरांनी नेला. आमची आई म्हणायची, त्रिंबकनं मस्करीत त्याचं डोकं दाबून धरलं. त्रिंबक धनगराचा. भिवाचा जिवलग, डोहावर त्या दिवशी दोघंच होते. आईनं मरेपर्यंत त्याचं तोंड बघितलं नाही आणि आम्हालाही बघू दिलं नाही. मोठा झाल्यावर मी दोन्ही गोष्टी खोडून काढायचो. पायात गोळा आला असेल, असं सांगायचो. शाळेत आसरांची भीती घालवायला मी भिवाचंच उदाहरण देत आलो.

म्हणून मी त्याचं नाव तुला कळवलं नाही. पाण्यात गेलेला माणूस हृदयाच्या यादीत कशाला? आणि नाव काढलं की पुन्हा आसरा, पुन्हा त्रिंबक. मला ते नको होतं.

प्रिया पळते आहे. मी तिला अजून काही बोललो नाही. मैदान जानेवारीत आहे. दोन वर्षं घातलीत पोरीनं.

अप्पाराव


नवीन जालना
२० ऑक्टोबर

मामा,

थोडक्यात लिहिते.

डॉक्टरबाईंना मी भिवामामाचं सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, चांगला पोहणारा पोरगा शांत पाण्यात बुडाला तर आम्ही ते हृदयाच्या यादीतच धरतो. मात्र नक्की सांगता येणार नाही. कोणी बघितलं होतं का? तो धडपडला का, ओरडला का? गोळा आलेला माणूस हाका मारतो, हातपाय मारतो.

त्रिंबकना विचारा. तुम्ही जाणार नसाल तर मी पुढच्या रविवारी येते आणि मी विचारते. राग माझ्यावर काढा, पण जा.

सुमितच्या छातीत यंत्र बसलं. तो म्हणतो, आता मला चार्जिंगला लावा.

सुमेधा


धावडा
२ नोव्हेंबर

चि. सुमेधा,

मी गेलो. कानाचं यंत्र घालून गेलो, यावरून काय ते समज.

त्रिंबकचं घर आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर आहे. तरी त्या अंगणात मी आयुष्यात पाय ठेवला नव्हता. तो शेळ्यांना पाला टाकत होता. मला बघून त्याच्या हातातली फांदी तशीच राहिली.

“कोण गेलं?” त्यानं विचारलं. आमच्यापैकी कोणी त्याच्या दारात आलं म्हणजे कोणीतरी मेलंच असणार, असं त्याला वाटलं.

“कोणी न्हाई. भिवाचं विचाराया आलो.”

मग बाज ओढून तो म्हणाला, “बस. मी तव्हाच सांगितलं व्हतं. तुम्ही कुठं ऐकलं?”

“आता ऐकून राह्यलो. मोठ्यानं सांग.”

“भिवा डोहाच्या मधात गेल्ता. मी काठावर, मेंढ्यांपाशी. झकास हात मारून राह्यला व्हता. अन् एकदम हात थांबले. वरडला न्हाई, गटांगळी न्हाई, काही न्हाई. बाजेवर कोणी पालथं पडावं तसा तोंड खाली घालून राह्यला. मी म्हन्लं, भिवा, खेळ करू नको. मला वाटलं खेळ करून राह्यला. म्हणून मी जल्दी गेलो न्हाई, अप्पा. हसत व्हतो काठावर. मंग गेलो, त लई येळ झाल्ता.”

मी त्याला सुमितचं सांगितलं, चांगुणेचं सांगितलं. भिवाचं काळीज पाण्यात बंद पडलं असू शकतं, म्हणालो. तू लगेच गेला असतास तरी कदाचित वाचला नसता.

“असू शकतं म्हंजे? व्हतं का न्हाई?”

“नक्की माहीत न्हाई. डाक्टरलाबी न्हाई.”

“मंग हे कामून सांगाया आला?” त्याचा आवाज चढला. आत शेळी ओरडायला लागली. मी उठलो, तर त्यानं माझा दंड धरला. “माझी माय लोकांच्या घरी पाणी भराया जायची. बाया तिला म्हणायच्या, तुझ्या पोरानं महाराचं पोरगं बुडवलं. ती मेली हे ऐकूनच.” मग तो रडला. मीही रडलो. दोन म्हातारे शेळ्यांमध्ये उभे राहून रडत होतो, आणि कोण कोणाला समजावतोय याचा पत्ता नव्हता.

घरी येऊन प्रियाला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. ती खूप भांडली. “मला काहीच झालं न्हाई, तुम्ही मला आजारी कामून करून राह्यले?” असं विचारत होती. तरी दुसऱ्या दिवशी पळाली नाही. पहाटे उठून बूट घालून ओट्यावर बसली. ते बघण्यापेक्षा सायकल दामटणं बरं होतं.

मी भोकरदनला जाऊन रक्त दिलं. आता काय निघतं ते बघू. मला नाही निघालं तर लोकांच्या तोंडी त्रिंबकवरचा ठपका तसाच राहील, आणि निघालं तर प्रियाचं काय, या दोन्हींत मी कशाची इच्छा धरावी ते सांग.

मामा


धावडा
३१ डिसेंबर

चि. सुमेधा,

मुंबईहून येऊन चार दिवस झाले. तू आमच्याबरोबर होतीस, सगळं ऐकलंस. तरी तुला लिहितो, कारण कागदावर समोरासमोर मांडल्याशिवाय माझ्या डोक्यात काही बसत नाही.

माझ्यात ती चूक आहे. प्रियातही आहे. माझी भिंत जाड आहे, वण थोडा आहे, उजेड नाही. सायकल दामटताना हल्ली मला दम लागतो, ते वयानं असं मी म्हणत होतो. असो, माझं जाऊ दे.

प्रियाची भिंत जाड नाही. वण नाही. चोवीस तास छातीला पट्ट्या लावल्या, तर ठोकाही बरोबर निघाला. आणि त्या नव्या तपासणीत मात्र उजेड आहे. डॉक्टरबाईंनी बोटानं दाखवला तेव्हा मी बघितला. भिंतीच्या एका कोपऱ्यात, लहानसा. पडद्यावर दिसायला सुंदर होता, हे कोणाला सांगू नकोस.

सुमितला वण आहे, उजेड नाही. प्रियाला उजेड आहे, वण नाही. मी दोघांपैकी कोणासाठी जास्त भ्यायचं? आणि पोरीनं पळायचं की नाही? बाई काय म्हणाल्या ते मला नीट लिहून पाठव. तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो आणि कान बंद पडल्यासारखे झाले होते.

मामा


नवीन जालना
८ जानेवारी

ती. मामा,

बाई जे म्हणाल्या तेच लिहिते, माझ्या पदरचं काही घालत नाही.

त्या म्हणाल्या, हा उजेड म्हणजे वण तयार करणाऱ्या पेशी तिथं जाग्या झाल्यात. उद्या तिथं वण पडेल असा आमचा अंदाज आहे. पण अशा किती जणांना खरंच पडतो आणि किती वर्षांनी, हे अजून कोणालाच माहीत नाही. ही तपासणी नवीन आहे, त्यासाठीच अभ्यास चाललाय. नुसती रक्तातली चूक असती आणि चक्कर भुकेची आहे असं धरलं असतं, तर मी हिला कदाचित पळ म्हणाले असते. हा उजेड मी बघितलाय, त्यामुळं मला तसं म्हणवत नाही. पण पळू नको असं ठामपणे सांगायला माझ्याकडं पुरावाही नाही. पोरगी सज्ञान आहे, तिनं ठरवावं. वर्षानं पुन्हा बघू.

मी त्यांना म्हटलं, तुमची मुलगी असती तर? त्या म्हणाल्या, मग मी हा उजेड बघायला घाबरले असते.

मला काय वाटतं ते विचाराल तर, मला वाटतं तिनं पळू नये. लगेच वाटतं, मी कोण? मला चूक मिळाली नाही, म्हणून सगळ्यांना शहाणपण शिकवत फिरते. मीच आग्रह केला नसता तर आज ती मजेत पळत असती. कदाचित म्हातारी होईपर्यंत पळाली असती. कदाचित नाही. मामा, मी चांगलं केलं की वाईट केलं, मला खरंच कळत नाही.

आत्याकडं मी जाऊन आले. तिनं मला आत घेतलं, जेवू घातलं. बाबांचं नाव दोघींनीही काढलं नाही.

प्रियाचं मैदान कधी आहे?

सुमेधा


धावडा
३० जानेवारी

चि. सुमेधा,

मैदान काल झालं. तुझ्या घरावरून गेलो आणि आलो, पण तुझ्याकडं थांबलो नाही. रागावू नको.

तुझं पत्र मी प्रियाला दिलं होतं, जसंच्या तसं. तिनं वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, “आबा, मैदानाला जायाचं.” जायाचं म्हणजे पळायचं की नाही, ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही. नंदाबाईनं डबा दिला आणि दारात उभी राहून माझ्याकडं असं बघितलं की पोरगी परत आणली नाही तर मीही येऊ नये.

मैदानावर शेकडो पोरी होत्या. प्रियानं उंची दिली, छातीवर नंबर लावून घेतला, गोळा फेकला. गोळा चांगला गेला. मग आठशे मीटरची तुकडी बोलावली. तिनं बुटांची लेस बांधली. मी जाळीच्या बाहेर होतो. ओरडून थांबवावं असं वाटलं, आणि ओरडून ‘पळ’ म्हणावं असंही वाटलं. सुमेधा, खरं सांगतो, दोन्ही सारखंच वाटलं. दोन वर्षं रोज पहाटे मी तिला पळताना मागून बघितलं आहे. त्या पोरींत तिच्या पुढं कोणी गेलं नसतं.

ती रेषेपाशी गेली. बाकीच्या वाकल्या. ती वाकली नाही. शिट्टी झाली, धूळ उडाली आणि ती एकटी तिथं उभी राहिली.

एक बाई हवालदार तिच्याकडं आली. दोघी जाळीजवळ आल्या म्हणून मला ऐकू आलं.

“काय गं, पाय मुरगळला का?”

“न्हाई.”

“तब्येत बरी न्हाई का?”

“तब्येत बिलकुल चांगली हाय, मॅडम.”

“मंग पळाली कामून न्हाई?”

प्रिया म्हणाली, “मला माहीत न्हाई.” आणि नंबर काढून त्या बाईच्या हातात दिला.

ती हवालदार बाई माझ्यावर चिडली. पोरीचं नुकसान केलंत म्हणाली. मी मान हलवली. तिचं बरोबर असेल. चूक असेल तर ते कळायला आणखी किती वर्षं लागतील कोण जाणे, आणि कदाचित कधीच कळणार नाही. पोरगी जगली तर लोक म्हणतील, बघा, काहीच नव्हतं.

एसटीत प्रिया खिडकीशी बसली. भोकरदनपर्यंत तिनं डबा उघडला नाही. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. लहान असताना झोपायची तशी, तोंड उघडं ठेवून. मला तिचे ठोके माझ्या दंडाला लागत होते. रस्ता खराब, गाडी उडत होती, तरी लागत होते. ऐकू कमी येतं ते बरंच झालं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. गाडीतलं दुसरं काहीच मला ऐकू येत नव्हतं. धावड्याचा फाटा गेला, तरी मी तिला उठवलं नाही. पुढच्या गावी उतरून आम्ही चालत मागं आलो.

मामा